पंडिता रमाबाई : भुकेल्यास भाकरी आणि हातास काम

पंडिता रमाबाई सरस्वती हे नाव आपल्या मंडळ्यांत ज्यास ठाऊक नाही असा मनुष्य विरळा. पांढरे लुगडे नेसलेली, केस बारीक कापलेली त्यांची तसबीर पुष्कळ ख्रिस्ती घरांत भिंतीवर आढळते. त्या संस्कृताच्या मोठ्या पंडिता होत्या, त्यांनी मूळ भाषांवरून पवित्र शास्त्राचे मराठीत भाषांतर केले आणि केडगाव येथे मुक्ती सदन स्थापिले, एवढे तर शब्बाथ शाळेतील मुलेही सांगतील. परंतु त्यांच्या चरित्राचा एक भाग असा आहे की, त्याकडे आपले लक्ष कमी जाते. आणि भोर व वेल्हे येथील आपल्या वाचकांस तर तो विशेष जवळचा वाटेल. उपाशी माणसास अन्न दिल्यावर मग पुढे काय, या प्रश्नाचे जे उत्तर त्यांनी आपल्या हयातीत करून दाखविले, तो हा भाग होय.

हा प्रश्न आपल्या दारी नवा नाही. भाताची कापणी झाली, नाचणी-वरई घरात आली, म्हणजे डोंगराकडच्या घरांतून ते धान्य किती महिने पुरेल याचा हिशेब सुरू होतो. आणि हिशेब जमेनासा झाला म्हणजे घरचा कर्ता पुण्याची किंवा मुंबईची वाट धरतो. मागे राहिलेली बाई आधारासाठी ज्या दारी येते, ते पुष्कळदा उपदेशकाचे असते. तो आपल्या ऐपतीप्रमाणे पायलीभर तांदूळ देतो, मंडळीच्या दानातून थोडे पैसे देतो. पुढच्या महिन्यात ती बाई पुन्हा येते. तिचा यात दोष नाही, आणि उपदेशकाचाही नाही. तांदूळ संपावयाचाच असतो.

रमाबाईंनी ही गोष्ट पुस्तकांतून शिकली नाही. ती त्यांनी आपल्या आईबापांच्या मरणापाशी शिकली.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. स्त्रियांस संस्कृत शिकवू नये असा त्या काळचा दंडक असता त्यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविले, आणि त्या मातेने पुढे आपल्या धाकट्या मुलीस शिकविले. घरी विद्यार्थी व यात्रेकरू यांची सदा दाटी असे. त्यांच्या पाहुणचारात शास्त्रीबुवांची जमीनजुमला सर्व गेली, कर्ज झाले, आणि ते कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी हिंडू लागले. कोणी काही मागावयाचे नाही. देवळात बसून पुराण वाचावयाचे आणि श्रोते जे ठेवतील त्यावर निर्वाह करावयाचा, असा त्यांचा क्रम होता. रमा मोठी झाली ती अशी पायी चालत, आणि हजारो श्लोक मुखोद्गत करीत.

मग मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. १८७० ते १८८० हे दशक दक्षिणेस फार कठीण गेले. लोकांपाशीच धान्य नाही, तेव्हा पुराणिकापुढे कोण काय ठेवणार? या कुटुंबाने प्रथम जवळचे पैसे खर्चिले, नंतर दागिने, मग भांडी व चांगली वस्त्रे विकली. त्यातलाही पुष्कळ भाग देवास नवस करण्यात आणि ब्राह्मणांस दान देण्यात गेला. शेवटी काही उरले नाही. वाचकहो, येथे थोडे थांबून विचार करा. या घरात पाच माणसे होती. त्यांतील विद्येचा साठा एवढा की, एखाद्या मोठ्या पाठशाळेस पुरावा. परंतु त्यांपैकी एकासही हातांनी चार आणे मिळवावयाचे ठाऊक नव्हते. आणि ठाऊक असते तरी मजुरी करणे त्यांच्या जातीच्या अभिमानास कमीपणाचे वाटत होते. भीक मागण्याची लाज, काम करण्याचीही लाज, आणि कामाची माहिती तर मुळीच नाही. रमाबाईंनी पुढे स्वतःच हे स्पष्टपणे लिहून ठेविले आहे, आणि त्यात आपल्या माणसांस झाकण्याचा काही प्रयत्न केलेला नाही.

ते सर्वजण तिरुपतीजवळच्या रानात गेले, आणि तेथे कित्येक दिवस पाणी, झाडपाला व रानातली मूठभर फळे यांवर राहिले. वृद्ध अनंतशास्त्र्यांची दृष्टी गेली होती. त्यांनी जलसमाधी घ्यावी असा निश्चय केला. त्या वेळी थोरला भाऊ श्रीनिवास याने बापास सांगितले की, आता आपण जातीचा अभिमान बाजूस ठेवून मजुरी करू आणि आईबापांस पोसू. पण फार उशीर झाला होता. त्या तरुणाच्या अंगात कामाला जाण्याइतकी शक्तीच राहिली नव्हती. थोड्याच काळात वडील वारले. काही महिन्यांत आईचीही तीच गत झाली. ती भुकेने भ्रमात बडबडत असता रमा शेजारच्या एका घरी भाकरीचा तुकडा मागावयास गेली. परंतु आयुष्यात कधी मागितलेले नसल्यामुळे तिच्या तोंडून शब्द फुटेना. त्या घरच्या बाईने आपण होऊन भाकरी दिली. रमा ती घेऊन आली, पण आईस ती खाववली नाही. प्रेत उचलावयास चौथा मनुष्य मिळाला नाही, म्हणून मुलीनेच खांदा दिला; आणि उंचीने ती लहान, म्हणून तिरडी डोक्यावर घेतली. पुढे बहीणही गेली. पाचांतून दोघे उरली.

यानंतरची काही वर्षे आपण भरभर ओलांडू. भाऊबहीण पायी उत्तर हिंदुस्थानभर फिरली. थंडीत अंगावर पांघरूण नाही म्हणून नदीकाठच्या वाळूत खळगे करून त्यांत निजली. आणि १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. १८८१ साली कन्या मनोरमा झाली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने वारले. चोवीस वर्षांच्या आत त्यांच्या वाट्यास आलेली ही सारी मरणे. लहान मुलीस घेऊन त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज काढिला, हंटर कमिशनापुढे साक्ष दिली आणि स्त्रियांस डॉक्टर व शिक्षिका होण्याचे शिक्षण मिळावे अशी मागणी केली. १८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या आणि वाँटेज येथे त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला.

तेथून १८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचा पदवीदान समारंभ पाहावयास म्हणून गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. तेथे त्यांनी बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले. लहान मुलाने नुसते घोकू नये, बोटांनी काही घडवावे, हे त्या पद्धतीचे मर्म. ज्या बाईने बाळपणापासून नुसते पाठांतर केले, तिच्या मनावर याचा ठसा किती खोल उमटला असेल! त्या देशात स्त्रिया कितीतरी प्रकारचे धंदे करून आपले पोट भरतात, हेही त्यांनी लक्षपूर्वक पाहिले आणि आपल्या मराठी प्रवासवृत्तात सविस्तर लिहिले. बॉस्टन येथे त्यांच्या मित्रांनी रमाबाई असोसिएशन स्थापिले आणि हिंदू विधवांच्या शाळेस दहा वर्षे साह्य देण्याचे वचन दिले.

दहा वर्षे! ही मुदत वाचकांनी ध्यानात ठेवावी. कारण पुढची पुष्कळ कामे तिच्यामुळे घडली.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले, आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले. त्यातील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हीच पुढे आनंदीबाई कर्वे झाली. तिचे पती धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली विधवांसाठी जो आश्रम काढिला, त्याची वाट अशी शारदा सदनातून गेलेली आहे. १८९३ साली मुली ख्रिस्ती होऊ लागल्या यावरून पुण्यात मोठा गवगवा झाला, रानडे व भांडारकर यांसारखे सल्लागार दूर झाले, आणि वीसपंचवीस मुली काढून नेण्यात आल्या. त्या वादात कोणाचे किती चुकले हा आजचा विषय नाही. मात्र त्या संकटाच्या काळातही रमाबाईंचे लक्ष एका साध्या गोष्टीकडे लागले होते : दहा वर्षे भरल्यावर या मुली खातील काय?

त्याचे उत्तर त्यांनी जमिनीत शोधिले. पुण्याहून दौंडाकडे जाणाऱ्या रेल्वेवर केडगाव स्टेशन आहे. तेथे त्यांनी असोसिएशनच्या साह्याने सुमारे १०० एकर माळरान विकत घेतले. फळझाडे लावावी, विहिरी खणाव्या, आणि अमेरिकेचे साह्य बंद होईल तेव्हा बागेच्या उत्पन्नावर शाळा चालावी, असा बेत होता. परदेशचे साह्य चालू असतानाच ते संपल्यानंतरची तजवीज करणारी संस्था आमच्या पाहण्यात फार थोडी आली आहे. बहुतेक ठिकाणी वचनाचे शेवटचे वर्ष लागले म्हणजे धावपळ सुरू होते.

बाग वाढीस लागण्याच्या आतच १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात हाहाकार झाल्याची बातमी येताच रमाबाई तिकडे गेल्या. त्यांस आपल्या आईबापांचे दिवस आठवले, यात नवल नाही. सरकारने दुष्काळी कामे काढिली होती : खडी फोडणे, माती वाहणे, तलाव खणणे. ज्यांस काम होत नसे त्यांच्यासाठी गरीबखाने होते. या कामांनी लक्षावधी जीव वाचले, हे नाकारता येत नाही. परंतु रमाबाईंनी जवळ जाऊन पाहिले तेव्हा त्यांस असे दिसले की, एकट्या पडलेल्या तरुण मुलींस तेथे रक्षण नाही, आणि दुष्ट माणसे त्यांच्यावर टपून आहेत. त्यांनी हे उघडपणे लिहिले, आणि सुमारे ३०० मुली व स्त्रिया यांस सोडवून आणिले.

आणले खरे, पण ठेवावयाचे कोठे? त्याच सुमारास पुण्यात प्लेग सुरू झाला आणि एवढी माणसे शहरात ठेवण्यास मनाई झाली. तेव्हा केडगावच्या माळावर राहुट्या व गवताच्या झोपड्या उभ्या राहिल्या. फळबागेसाठी घेतलेली जमीन दुष्काळग्रस्तांचे गाव झाली. हेच मुक्ती सदन.

आता येथे काय घडले ते सावकाश सांगितले पाहिजे. आलेल्या मुलींची स्थिती अशी होती की, प्रथम त्यांस हळूहळू खावयास घालून जगविणे हेच काम. कित्येकींस फोड आणि ताप. कित्येकींच्या मनातून उपासाची धास्ती जाईना. त्यांची निगा ठेवण्यास रमाबाईंनी पगारी माणसांचा ताफा आणिला नाही. शारदा सदनात शिकलेल्या मोठ्या मुली पुढे आल्या, आणि प्रत्येकीने काही मुलींचा भार आपल्यावर घेतला. काल जी आश्रित होती ती आज दुसऱ्या दहा जणींस नाहू-माखू घालणारी, वाचावयास शिकविणारी झाली. आम्हांस वाटते, मुक्तीतील सर्व शिक्षणांत हे पहिले शिक्षण होय.

मुली सावरल्या म्हणजे दिवसाचा काही भाग अक्षरांस आणि काही भाग हातांस दिला जाई. जिची बुद्धी पुस्तकात चाले तिला शिक्षिका करावयाचे. जिचा हात हळुवार तिला आजाऱ्यांच्या शुश्रूषेचे शिक्षण द्यावयाचे. आणि जिला अक्षरे लागत नाहीत तिला टाकून द्यावयाचे नाही, तर तिच्या जोगते काम शोधावयाचे. विणकामाचे माग होते, शिवण होती, तेलाचा घाणा होता, दूधदुभते होते, धुलाई होती, स्वयंपाकघर व शेत तर होतेच. जे लुगडे नेसावयाचे ते आपल्या मागावर विणावयाचे, जे तेल खावयाचे ते आपल्या घाण्याचे, अशी तेथील राहणी. यात काटकसर होती. पण नुसती काटकसर नव्हती. घाणा चालविणारी बाई बाहेर पडली तरी तिचे घाण्याचे ज्ञान तिच्याबरोबर जाते.

१८९९-१९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला आणि मुक्तीचे दार पुन्हा उघडले. त्या वेळी केडगावात १५०० हून अधिक माणसे राहू लागली. फसलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, वृद्ध व अपंग यांसाठी प्रीती सदन, मुलांसाठी सदानंद सदन अशी निरनिराळी घरे झाली. मनोरमा यांनी ब्रेल लिपी शिकून अंध मुलींस बोटांनी वाचावयास शिकविले. आंधळी मुलगी म्हणजे घरावरचा जन्माचा भार, असे समजणाऱ्या त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती.

या संस्थेचे गुण सांगताना तिची मर्यादा लपविणे योग्य होणार नाही. मुक्ती सदन आपल्या उत्पन्नावर पूर्णपणे कधी चालले नाही. बाग, माग व घाणा यांचा आधार मोठा. तरी एवढ्या मुखांस तो पुरणारा नव्हता, आणि दूरदूरच्या बंधुभगिनींची दाने शेवटपर्यंत येत राहिली. दुसरे असे की, रमाबाईंनी ज्यांस वाचविले त्या बहुतेक एकट्या, निराधार मुली होत्या. त्यांस गावातून उचलून आणणे हाच उपाय होता. आपल्या गावांतील कुटुंबांची गोष्ट निराळी. नवरा, बायको, म्हातारी आई, तीन मुले आणि अर्धा एकर भातखाचर, एवढे सारे उचलून केडगावास नेता येत नाही. तेथे साह्य घराशी यावे लागते.

सरकारनेही पुढे या बाबतीत पुष्कळ पल्ला गाठिला. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर कामे निघाली आणि कामावरच्या मुलांना मिळालेली सुकडी आजही वडील मंडळींच्या स्मरणात आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी धरलेल्या आग्रहातून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागणे ही भीक नव्हे, हक्क आहे, हे त्या कायद्याने प्रथम मान्य केले. अनंतशास्त्र्यांच्या घरास असा कायदा लाभता तर! तरीही खडी फोडणारा मनुष्य दहा वर्षे खडी फोडून अकराव्या वर्षी खडीच फोडतो, ही उणीव राहिलीच. ती थोडी भरून निघाली १९९० नंतर, जेव्हा रोजगार हमीच्या मजुरीवर शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीत फळझाडे लावण्याची योजना आली. केडगावच्या माळावर रमाबाईंनी जो बेत केला होता, त्याचीच ही मोठ्या प्रमाणावरील आवृत्ती म्हणावी.

आणखी एक भेद आहे. मुक्तीत अन्न, औषध, अक्षर व धंदा ही सर्व एकाच कुंपणात होती, आणि कोणत्या मुलीस केव्हा काय पाहिजे हे पाहणारी नजर एकच होती. आपल्या गावच्या विधवेस धान्य रेशनच्या दुकानात मिळते, काम ग्रामपंचायतीकडे मागावे लागते, शिवणाचा किंवा दुसरा वर्ग तालुक्याच्या गावी असतो, कर्ज बँकेत, आणि दाखला तलाठ्याकडे. प्रत्येक दार खरे आहे, पण एकापासून दुसऱ्यापर्यंत तिला एकटीने चालावे लागते. आणि वेल्ह्याच्या एखाद्या वाडीतून तालुक्यास जावयाचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवावयाची. पहिल्या खेपेस कागद अपुरा, दुसऱ्या खेपेस साहेब नाहीत, तिसऱ्या खेपेस ती जातच नाही. उपदेशकापाशी वाटण्यास तांदूळ थोडा असेल, परंतु तिच्याबरोबर त्या चार दारांपर्यंत जाणे, कोणता कागद प्रथम व कोणता नंतर हे समजून घेणे, आणि शिकावयास गेली असता तिची मुले सांभाळण्यास मंडळीतील दुसऱ्या बाईस सांगणे, हे काम त्याच्या हातचे आहे. शारदा सदनातील मोठ्या मुलींनी याहून वेगळे काय केले?

आपल्या काही लोकांत एक कल्पना आढळते की, मूल चार इयत्ता शिकले म्हणजे त्याने माती-शेणात हात घालू नये. ही कल्पना रमाबाईंस मुळीच खपत नसे. त्या स्वतः पहाटे उठून कामास लागत, विहिरींच्या खोदाईपासून इमारतींच्या बांधणीपर्यंत सर्व जातीने पाहत. आणि ब्राह्मणाच्या मुली मुक्तीत शेतावर व घाण्यावर राबत. प्रेषित पौल तंबू करण्याचा धंदा करीत असे, हे आपण व्यासपीठावरून सांगतो; केडगावास ते डोळ्यांनी दिसत असे.

मुक्तीतून बाहेर पडलेल्या स्त्रियांपैकी पुष्कळ जणी शिक्षिका, परिचारिका व बायबल-बाया म्हणून निरनिराळ्या मिशनांत गेल्या. पुष्कळ जणींचे विवाह होऊन त्या गावोगावच्या मंडळ्यांत संसारास लागल्या. १९१९ साली सरकारने रमाबाईंस कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारल्या. जिच्यावर पुढचा सर्व भार टाकावयाचा ती कन्या आधी गेली, आणि मातेस ऐकू येणे तर त्यापूर्वीच फार कमी झाले होते. तरी त्यांनी हातातले काम सोडले नाही.

ते काम छापखान्यातले होते. मुक्तीत जे धंदे शिकविले जात त्यांत खिळे जुळविणे, छापणे व पुस्तके बांधणे हेही होते. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक या भाषा शिकून साध्या मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर केले, ते खेड्यातील कमी शिकलेल्या बायांस कळावे म्हणून. ते छापण्यास त्यांनी बाहेर दिले नाही. मुक्तीतल्याच स्त्रियांनी खिळे जुळविले, मुद्रिते काढिली, फर्मे छापिले. भाषांतराचे शेवटचे तपासणे संपवून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निजधामास गेल्या. ग्रंथ अजून पुरा छापून झाला नव्हता. त्या स्त्रियांनी यंत्र थांबू दिले नाही. आणि १९२४ साली संपूर्ण शास्त्र छापून, बांधून केडगावातून बाहेर पडले.